पाळक व्हायचंय? मग आधी बी.ए. नीट करा

मी एक पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. बारावीचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवसांत एखादं कुटुंब हमखास माझ्या अंगणात येतं. आई पुढे, वडील तिच्या मागे, आणि मुलगा चपला काढण्यात उगाच वेळ घालवत सगळ्यांच्या शेवटी. चहा होतो, पावसापाण्याच्या गोष्टी होतात, मग वडील सांगतात, "साहेब, याला देवाच्या सेवेत द्यायचाय." मी विचारतो, "मार्कशीट आणलीय का?" त्यावर आई वडिलांकडे बघते आणि वडील पंख्याकडे.

स्पष्टच बोलतो, कारण मला या गोष्टीचा राग आहे. थोरला इंजिनिअरिंगला, मधला फार्मसीला आणि ज्याला कुठेच प्रवेश मिळत नाही तो देवाला, असा हिशेब आपल्या बऱ्याच घरांत चालतो. बायबलमधल्या मलाखीच्या पहिल्या अध्यायात आंधळी-लंगडी जनावरं वेदीवर आणणाऱ्यांना काय ऐकावं लागलं ते एकदा वाचून घ्या. कमी मार्क मिळणं हा दोष नाही. मला स्वतःला बारावीला अठ्ठेचाळीस टक्के होते. पण बाकी काही जमलं नाही म्हणून सेमिनरी (पाळक घडवणारं कॉलेज), हे कारण घेऊन येणारा मुलगा दुसऱ्या वर्षापर्यंत कंटाळतो आणि पुढे मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या लोकांना, तीस वर्षं सहन करावं लागतं.

हा लेख खऱ्या ओढीने येणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. माझं सांगणं एवढंच: सेमिनरीची तयारी सेमिनरीत सुरू होत नाही, साध्या कॉलेजात सुरू होते. ती तीन-चार वर्षं म्हणजे वेटिंग रूम नाही.

आधी एक वर्ष मंडळीत राबून बघा

पाचारण झालंय, म्हणजे देवाने या कामाला बोलावलंय, हे तुम्हाला वाटणं पुरेसं नाही, ते मंडळीलाही दिसावं लागतं. त्यासाठी अकरावी-बारावीतच कामाला लागा. संडेस्कूलचा एक वर्ग घ्या आणि वर्षभर सोडू नका. नाताळच्या कार्यक्रमात मुख्य भूमिका सगळ्यांनाच हवी असते. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्च्या मोजून मांडववाल्याला परत करायचं काम मागून घ्या.

आणखी एक करा. तुमच्या पाळकसाहेबांना विचारून सुट्टीतला एक आठवडा त्यांच्या मागेमागे फिरा. रविवार तुम्ही पाहिलेलाच असतो, बुधवार पाहा. माझा एक साधा बुधवार असा होता: सकाळी एका म्हातारबांना घेऊन तहसीलला गेलो, निराधार योजनेचा कागद अडला होता. दुपारी चर्चचं वीजबिल जास्त आलं म्हणून महावितरणच्या ऑफिसात रांगेत उभा. चार वाजता लग्नाच्या रजिस्टरची जुनी नोंद शोधायला मुंबईहून एक माणूस आला, नोंद सापडली पण पान वाळवीने खाल्लेलं. संध्याकाळी गृहप्रार्थनेला निघालो, तर वाटेत एक बाई हात धरून म्हणाली, "साहेब, आधी माझ्या घरी चला, ह्यांनी पुन्हा घेतलीय." गृहप्रार्थना नऊला सुरू झाली. हा दिवस बघूनही तुम्हाला हेच करावंसं वाटलं, तर पुढचं वाचा.

वाटा कोणत्या, ते समजून घ्या

इथे नवीन माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण प्रत्येक जण आपापल्या कॉलेजची वाट हीच एक वाट असल्यासारखं सांगतो.

प्रोटेस्टंट मुख्य प्रवाहात, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय), मेथडिस्ट वगैरे मंडळ्यांत, सेरामपूरच्या पदवीला वजन आहे. विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी बंगालमध्ये १८१८ साली सेरामपूर कॉलेज काढलं. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि १९१८ च्या कायद्याने तो पक्का झाला. आज देशभरातली अनेक सेमिनरी कॉलेजं त्याच्या सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, जोडलेली आहेत. कॅरी आपल्यालाही परका नाही, त्याने १८०५ सालीच मराठीचं व्याकरण छापलं होतं. पुण्यात बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी याच सिनेटशी जोडलेलं आहे. ते १९५३ साली यवतमाळला सुरू झालं आणि १९८३ साली पुण्याला आलं. विदर्भातली जुनी माणसं अजूनही त्याला यवतमाळचं सेमिनरी म्हणतात.

सेरामपूरच्या दोन पदव्या तुमच्या कामाच्या. बी.टी.एच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) बारावीनंतर करता येते, आणि काही कॉलेजांत ती प्रादेशिक भाषेत शिकवतात. बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही पदवीधरांसाठी, साधारण चार वर्षांची, आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. बी.टी.एच. झालेल्यांना पुढे बी.डी. कमी वर्षांत करता येते.

इव्हँजेलिकल आणि पेंटेकोस्टल या दुसऱ्या प्रोटेस्टंट गटांतली बरीच बायबल कॉलेजं एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनशी संलग्न असतात. काही ठिकाणी शिक्षण उत्तम आहे. पण ती चर्च आणि कॉलेजं यांच्या आपसातली मान्यता आहे, सरकारी विद्यापीठाची पदवी नव्हे, हे फॉर्म भरण्याआधीच कळलेलं बरं. उद्या बी.एड. करायचं ठरलं किंवा स्पर्धा परीक्षेला बसावंसं वाटलं, तर ती पदवी कामाला येणार नाही. प्रवेश देताना हे सगळेच मोकळेपणाने सांगतात असं नाही. तेव्हा कॉलेज कोणतंही असो, एकच प्रश्न लेखी विचारा: पदवीवर सही कोणाची असेल?

कॅथॉलिक मुलांची वाट वेगळी. तिथे तुम्ही कॉलेज निवडत नाही, धर्मप्रांत (बिशपच्या हाताखालचा भाग) किंवा संघ तुम्हाला निवडतो आणि पाठवतो. पॅरिशच्या, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चच्या, फादरांमार्फत धर्मप्रांताच्या पाचारण-संचालकांना भेटायचं. मग तयारीचा काळ, तत्त्वज्ञानाचा अभ्यास, मध्ये प्रत्यक्ष कामाचा काळ आणि शेवटी ईशज्ञान (थिऑलॉजी), अशा पायऱ्या असतात. मुंबईच्या मुलांसाठी गोरेगावचं सेंट पायस टेन, गोव्यात राशोलचं जुनं सेमिनरी. पुण्यात नगर रोडला ज्ञानदीप विद्यापीठ आहे. ते १८९३ साली श्रीलंकेत कँडीला सुरू झालं आणि १९५५ साली पुण्याला आलं. कॅथॉलिक धर्मप्रांतांतही आधी पदवी करून ये, असं सांगितलं जाऊ शकतं. त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

बी.ए. कशासाठी, आणि कोणत्या विषयात

"बारावीनंतर सरळ बी.टी.एच. केली तर तीन वर्षं वाचतात," हे मला दरवर्षी ऐकवलं जातं. वाचतात, खरं आहे. पण अठराव्या वर्षी सेमिनरीच्या आवारात गेलेला मुलगा ख्रिस्ती वसतिगृह, ख्रिस्ती मित्र, ख्रिस्ती गाणी यांतच बावीस वर्षांचा होतो. पुढे त्याची नेमणूक होते ती अशा गावात, जिथे त्याची वीस घरं आहेत आणि भोवती दोन हजार घरं दुसऱ्यांची. सरपंचाशी काय बोलायचं, गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांशी कसं वागायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. साध्या कॉलेजच्या कँटीनमध्ये ते आपोआप शिकून होतं.

शिवाय बी.ए. हाताशी असली की माघार घेता येते. हे लिहिताना संकोच वाटतो, पण दोन वर्षांनी आपल्याला हे काम जमणार नाही असं कळणं हे पाप नाही. ज्याच्याकडे दुसरी पदवी नसते तो मन मारून पाळक होतो.

आता विषय. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मेजर-मायनर निवडायची सोय झाली आहे आणि चौथं ऑनर्सचं वर्षही करता येतं. माझं मत विचाराल तर मेजर मराठी आणि मायनर मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र. इतिहास आणि तत्त्वज्ञानही चांगलेच. इंग्रजी साहित्य घ्यायला हरकत नाही, सेमिनरीत उपयोगच होतो, पण फक्त रुबाबासाठी घेऊ नका. विज्ञान किंवा कॉमर्सचे विद्यार्थी अपात्र ठरतात असा एक गैरसमज आहे. तसं काही नाही, बी.डी.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, आणि हिशेब कळणारा पाळक तर मंडळीला हवाच असतो. नोकरी करत असाल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घ्या.

मराठीच का? कारण तुम्ही आयुष्यभर मराठीत बोलणार आहात. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर माझा पहिला उपदेश एका गावात होता. डोक्यात इंग्रजी पुस्तकं भरलेली. चाळीस मिनिटं मी "समकालीन संदर्भ", "मुक्तिदायी अन्वयार्थ", "अस्मितेचं विघटन" असं काय काय बोललो. उपासना संपली, दाराशी हस्तांदोलनाला उभा राहिलो. एक आजी आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरून थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "साहेब, आवाज मोठा हाय तुमचा." त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं आणि दुसरं काही सापडलं नव्हतं.

त्यानंतर मी पुन्हा मराठी वाचायला लागलो. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक सांगत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडून त्यांची गीतं नुसती गाऊ नका, वाचा. अभंगाची चाल कुठे आली, ओवी कुठे, ते कळायला आधी अभंग आणि ओवी माहीत पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं, तेही ओवीतच. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन आपलंसं केलं होतं. हे सगळं बी.ए.च्या वर्गात ज्ञानेश्वरी-तुकाराम शिकताना जसं उलगडतं तसं सेमिनरीत उलगडत नाही, तिथे तेवढा वेळच नसतो.

ग्रीकचंही तेच. सेमिनरीत नव्या कराराचं ग्रीक समोर आलं की इंग्रजी माध्यमातली पोरं विभक्ती बघून गांगरतात, कारण इंग्रजीत ती जवळजवळ उरलेलीच नाही. मराठी व्याकरण घासलेल्या मुलाला प्रथमा-द्वितीया-षष्ठी नवी नसते. तीन लिंगंही नवी नसतात. फक्त एका ठिकाणी हसू येतं: ग्रीकमध्ये पुल्लिंगी उपपद "हो", स्त्रीलिंगी "हे" आणि नपुंसकलिंगी "तो"! पहिला महिना आमच्या वर्गात सगळी नपुंसकलिंगी नामं पुरुष होऊन बसली होती. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आणखीच सोपं. "मी देतो" याला संस्कृतात ददामि, ग्रीकमध्ये दिदोमी. "मी देईन" याला दास्यामि आणि दोसो. हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलेलं पाहिलं त्या दिवशी माझी ग्रीकची भीती गेली. तेव्हा विषय निवडताना संस्कृतचा पर्याय मिळत असेल तर सोडू नका.

त्या तीन वर्षांत कॉलेजबाहेर काय करायचं

बायबल पूर्ण वाचा. हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण उमेदवारांच्या मुलाखतीत मी बसलोय, सांगावं लागतं. उत्पत्ती, स्तोत्रं, चार शुभवर्तमानं आणि रोमकरांस पत्र यांच्यावर बहुतेकांचं बायबल संपतं. रोज मराठीतला एक अध्याय वाचलात की तोच इंग्रजीत वाचा. वही मधून दुमडून डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी, असे रोज पाच लिहा: नीतिमत्त्व, तारण, प्रायश्चित्त, करार, अभिषेक. बी.डी.ची पुस्तकं इंग्रजीत असतात. मराठी माध्यमाची मुलं बुद्धीने कमी पडत नाहीत, या शब्दांशी अडतात. तीन वर्षं ही वही चालवणारा मुलगा सेमिनरीत पहिल्याच आठवड्यात मोकळा होतो.

हिशेब शिका. अनेक मंडळ्यांच्या मिळकती सार्वजनिक न्यासात आहेत, त्यांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. पावतीपुस्तक, कीर्द, बँकेचा ताळमेळ हे कळत नसेल तर खजिनदार सांगेल ते खरं मानावं लागतं. आपल्याकडे जमिनी आणि पैशांवरून कोर्टकचेऱ्या किती चालतात ते तुम्हाला माहीत आहेच, त्यावर इथे आणखी लिहीत नाही.

पेटी किंवा गिटार येत असेल तर छान. नसेल तर निदान सुरात गीत उचलता आलं पाहिजे. गावात वादक आजारी पडला की पाळकानेच सुरुवात करायची असते.

आणि वर्गातल्या एका तरी वारकरी, एका बौद्ध आणि एका मुसलमान मित्राच्या घरी जेवून या. सेमिनरीत "धर्मांचा अभ्यास" नावाचा विषय असतो. ज्याने ही जेवणं केलेली असतात त्याला तो परीक्षेपुरता विषय वाटत नाही.

कागदपत्रं: इथे वर्ष जातं

दाखल्यांवरचं नाव आजच तपासा. आपल्या घरांत बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, हे सर्रास असतं. त्यामागे १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशापासूनची (त्यात ख्रिस्ती झालेल्यांना जागा नाही) कारणं आहेत, ती घरोघरी ठाऊक आहेत, इथे उगाळत नाही. पण सेमिनरीच्या फॉर्मवर दोन्ही दाखले लागले आणि एकावर सॅम्युएल, दुसऱ्यावर संजय निघाला, की प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा आधार, असा फेरा सुरू होतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं आख्खं वर्ष यात गेलं. पदवीच्या पहिल्या वर्षालाच हे उरकून टाका.

लागणारे कागद साधारण असे: बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचा (विश्वास पक्का करण्याच्या विधीचा) दाखला, मंडळीच्या सभासदत्वाचं पत्र, पाळकांचं शिफारसपत्र, दहावी-बारावी-पदवीच्या गुणपत्रिका, वैद्यकीय तपासणी, आणि तुमच्या हाताने लिहिलेली साक्ष, म्हणजे तुमच्या विश्वासाची गोष्ट. ती साक्ष इंटरनेटवरून उचलू नका. तीच ती वाक्यं दहा अर्जांत आली की समितीला कळतं.

शिफारस, पैसा आणि एक कडू गोष्ट

पदवी म्हणजे दीक्षा नव्हे. बी.डी. पहिल्या वर्गात पास झालात तरी तुम्हाला पाळक म्हणून नेमायचं की नाही हे चर्च ठरवतं, सेमिनरी नाही. म्हणून सीएनआयसारख्या चर्चमध्ये क्रम सांभाळा: आधी पास्टरेट कमिटी (मंडळीची समिती), मग डायसिसची (धर्मप्रांताची) उमेदवार समिती, बिशपसाहेबांची शिफारस, आणि त्यानंतर सेमिनरी. परत आल्यावर उमेदवारीचा काळ, मग डीकन (दीक्षेची पहिली पायरी), मग प्रेस्बिटर (पूर्ण पाळक). स्वतःच्या खर्चाने, कोणाला न विचारता शिकून आलेली मुलं पदवीची सुरळी घेऊन वर्षानुवर्षं फिरताना मी पाहिली आहेत.

डायसिसने पाठवलं तर फीचा सगळा किंवा काही भार ते उचलतात, त्या बदल्यात काही वर्षं सेवा करण्याचं बंधन असतं. ते पत्र घरी आणून, वडीलधाऱ्यांना वाचून दाखवून, मग सही करा. कोणी तोंडी म्हणालं की "फीचं बघू आपण", तर ते नम्रपणे कागदावर मागा. मी मागितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी माणसं बदलली, आश्वासन देणारे निवृत्त झाले, आणि माझी मेसची थकबाकी आईने शेळ्या विकून भरली.

मानधन कमी असतं हे तुम्ही ऐकलं असेलच. काही ठिकाणी ते वेळेवरही होत नाही. लग्न ठरवताना समोरच्या घराला हे आधी सांगा.

मुलींसाठी एक वेगळी ओळ: सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, कॅथॉलिक चर्चमध्ये मिळत नाही, तिथे धर्मभगिनींचे संघ आहेत. बऱ्याच स्वतंत्र मंडळ्यांमध्ये मुलींनी बायबल कॉलेज केलं तरी व्यासपीठ मिळत नाही. तुमच्या मंडळीचं उत्तर प्रवेश घेण्याआधी विचारा. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणलं, तेव्हा बाईला जमेल का, हा प्रश्न कोणी काढलाच तर त्याला कसं उत्तर द्यायचं ते तुम्हाला माहीत आहे.

मुलाखत

एका मुलाखतीतला प्रसंग सांगतो. मुलगा चुणचुणीत, रोमकरांस पत्राचे अध्यायच्या अध्याय तोंडपाठ. आम्ही पाळक मंडळी खूश. समितीत एक निवृत्त नर्सबाई होत्या, इतका वेळ गप्प. त्यांनी विचारलं, "बाळा, तुझ्या मंडळीत विधवा बाया किती आहेत?" मुलगा गप्प. "बरं, शेवटचा दवाखान्यात कोणाला भेटायला गेला होतास?" पुन्हा गप्प. त्याला एक वर्षाने या म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी तो आला तेव्हा त्याच्याकडे वही होती, तिच्यात घरांची नावं. नर्सबाईंनी वही चाळली आणि दुसरं काहीही न विचारता मान डोलावली.

बाकी प्रश्न ठरलेले असतात: साक्ष, कुटुंब, हेच सेमिनरी का, शेवटचं कोणतं पुस्तक वाचलं. शंका आहेत का, असं विचारलं तर "नाही" म्हणू नका. शंका नसलेल्या मुलाची समितीला काळजी वाटते.

जाण्याआधीचा महिना

सेमिनरीचं वर्ष बहुधा जूनच्या आसपास सुरू होतं. सामानात मराठी बायबल, 'उपासना संगीत', ती शब्दांची वही, एक चांगला मराठी शब्दकोश आणि छत्री. लॅपटॉप सेकंडहँड चालतो, मराठी युनिकोड टायपिंग मात्र आधीच शिकून जा.

आणि संडेस्कूलची हजेरीवही तशीच कपाटात ठेवून जाऊ नका. जिला वर्ग देणार आहात तिला शेवटचे चार रविवार शेजारी बसवा. कोणाचे वडील दारू पितात, कोण डबा आणत नाही, कोणाला वाचता येत नाही पण तो ओठ हलवत राहतो, हे तिला मुलांसमोर नाही, नंतर खुर्च्या रचताना सांगा.